चार्ल्सकाठची उन्हाळी शाळा

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील मॅसॅच्युसेट्स राज्यात चार्ल्स नावाची एक संथ नदी आहे. समुद्राला मिळण्यापूर्वी ती दोन नगरांच्या मधून वाहते. उत्तर तीरावर केंब्रिज, दक्षिण तीरावर बोस्टन. हार्वर्ड विद्यापीठ, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी म्हणजेच एमआयटी, आणि बोस्टन विद्यापीठ ही तीन विद्यापीठे या नदीच्या काठाने एकमेकांपासून इतकी जवळ वसलेली आहेत की चालणाऱ्याला एका दुपारी तिन्ही पाहून होतात.

मे महिन्याच्या अखेरीस येथील पदवीदान समारंभ आटोपतात. वसतिगृहे रिकामी होतात, आवारांत खारींचे राज्य सुरू होते. मग जूनच्या उत्तरार्धात चाकांच्या बॅगा ओढत एक निराळीच गर्दी येते. पंधरा ते अठरा वर्षांची ही मुले-मुली अजून शाळेत आहेत. अमेरिकेच्या निरनिराळ्या राज्यांतून, चीन-कोरियातून, तुर्कस्तानातून, ब्राझीलमधून आणि भारतातूनही ती आलेली असतात. कोणी दोन आठवडे राहणार असते, कोणी सहा, कोणी सात. महाविद्यालयात प्रवेश घेण्याआधीच महाविद्यालयात राहून पाहण्याची ही अमेरिकी रीत आता मुंबई, पुणे, सांगली, कोल्हापूरच्या व्यापारी घरांतही चर्चेचा विषय झाली आहे. दहावी-अकरावीतल्या मुलाला उन्हाळ्यात तिकडे पाठवावे काय, त्यासाठी लाखो रुपये मोजावेत काय, आणि त्यातून नेमके काय पदरात पडते, हे प्रश्न ज्या घरात निघतात त्या घराने ही नदीकाठची वाट एकदा नीट पाहून घ्यावी.

या रीतीचा उगम समजून घेतला तर पुष्कळ गोष्टी उलगडतात. कोणत्याही व्यापाऱ्याला ठाऊक असते की रिकामा गाळा खर्च थांबवत नाही. विद्यापीठाच्या इमारती, प्रयोगशाळा, ग्रंथालये वर्षातले तीन महिने ओस पडतात. त्यांचा उपयोग करण्याची कल्पना हार्वर्डमध्ये १८७१ साली प्रत्यक्षात आली. विख्यात वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांच्या विषयाचा उन्हाळी वर्ग त्या वर्षी सुरू झाला. हेतू साधा होता; शाळांतील शिक्षकांना सुट्टीत नवे विज्ञान शिकता यावे. १९०० सालच्या उन्हाळ्यात तर क्युबा बेटावरील सुमारे १३०० शिक्षक-शिक्षिका अमेरिकी लष्कराच्या जहाजांतून केंब्रिजला आले, आणि त्यांच्या खर्चासाठी वर्गणी उभारण्यात आली. म्हणजे आरंभी उन्हाळी शाळा ही शिकवणाऱ्यांसाठी होती, आणि तिच्यामागे देणगीचा हात होता.

शाळकरी मुलांचे युग पुढे आले. १९५७ साली सोव्हिएत संघाने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह अवकाशात सोडला, आणि आपण विज्ञानात मागे पडलो या धास्तीने अमेरिकी शासनाने शालेय विज्ञान-गणिताच्या शिक्षणात पैसा ओतला. हुशार मुलांसाठी विद्यापीठांच्या आवारात उन्हाळी वर्ग ठिकठिकाणी निघाले. त्यानंतरच्या दशकांत महाविद्यालयीन प्रवेशाची चुरस वाढली, पालकांची चिंता वाढली, आणि त्या चिंतेबरोबर एक बाजारही उभा राहिला. आज चार्ल्सच्या काठी देणगीवर चालणारी जुनी परंपरा आणि शुल्कावर चालणारा नवा बाजार, दोन्ही शेजारी शेजारी नांदतात.

वाट हार्वर्डपासून सुरू करावी. भुयारी रेल्वेच्या तांबड्या मार्गिकेने हार्वर्ड स्क्वेअर स्थानकावर उतरले की लोखंडी दरवाज्यांतून हार्वर्ड यार्ड या जुन्या आवारात प्रवेश होतो. विटांच्या तांबूस इमारती, उंच वृक्ष, हिरवळीवर मांडलेल्या रंगीत खुर्च्या. येथील मॅसॅच्युसेट्स हॉल ही इमारत १७२० सालची आहे. जवळच जॉन हार्वर्ड यांचा बसलेला पुतळा आहे. डॅनियल चेस्टर फ्रेंच या शिल्पकाराने तो १८८४ साली घडवला. शुभ होईल या समजुतीने प्रवासी त्याच्या डाव्या बुटाचा चवडा चोळतात. तेवढा भाग सोन्यासारखा चकाकतो.

या पुतळ्याला विद्यार्थी तीन असत्यांचा पुतळा म्हणतात. चौथऱ्यावर जॉन हार्वर्ड, संस्थापक, १६३८ असे कोरलेले आहे. विद्यापीठाची स्थापना १६३६ साली झाली. ती वसाहतीच्या विधिमंडळाने केली. जॉन हार्वर्ड हे संस्थापक नव्हेत, तर मृत्युसमयी आपली निम्मी मालमत्ता आणि सुमारे ४०० ग्रंथ संस्थेला देणारे एक तरुण धर्मोपदेशक होते. आणि त्यांचे एकही चित्र उपलब्ध नसल्यामुळे शिल्पकाराने चेहरा दुसऱ्याच एका तरुणाचा घेतला. ज्या संस्थेचे नाव सर्वांत अधिक विकले जाते, तिच्याच अंगणात नावावर डोळे मिटून विसंबू नये हे सांगणारी ही शिळा उभी आहे. मुलाला येथे पाठवणाऱ्या पालकांनी ती लक्षात ठेवावी.

हार्वर्डच्या उन्हाळी शाळेत शालेय विद्यार्थ्यांसाठी मुख्यतः दोन वाटा आहेत. एक दोन आठवड्यांची. तिच्यात एकच विषय, आणि त्याला महाविद्यालयीन श्रेयांक नाहीत. दुसरी सात आठवड्यांची. तिच्यात विद्यार्थी खरोखरीचे महाविद्यालयीन विषय घेतो, प्रौढ विद्यार्थ्यांबरोबर वर्गात बसतो, आणि श्रेयांक मिळवतो. दोन विषय घेऊन वसतिगृहात राहिल्यास या सात आठवड्यांचा खर्च दहा हजार डॉलरच्या पुढे, म्हणजे आठ लाख रुपयांहून अधिक होतो. विमानाचे तिकीट, व्हिसा आणि विमा त्यावर निराळे. मिळालेली श्रेणी, चांगली असो वा वाईट, विद्यापीठाच्या कायम गुणपत्रकावर नोंदली जाते. रोजमेळात चढलेली रक्कम खोडता येत नाही, तसेच हे. सुट्टीची मजा समजून आलेल्या मुलाला ही गोष्ट तिसऱ्या आठवड्यात उमगते, आणि तोवर पहिली परीक्षा होऊन गेलेली असते.

तरीही या पैशांत मिळते ते थोडके नाही. यार्डाच्या दक्षिण बाजूला वाइडनर ग्रंथालयाच्या भव्य पायऱ्या आहेत. हॅरी वाइडनर हा ग्रंथसंग्राहक तरुण १९१२ साली टायटॅनिक जहाजाबरोबर बुडाला. त्याच्या आईने पुत्राच्या स्मृत्यर्थ हे ग्रंथालय बांधून दिले आणि १९१५ साली ते उघडले. आतील फडताळांची एकूण लांबी सुमारे ९० किलोमीटर भरते. जिल्ह्याच्या गावातून आलेली एखादी सोळा वर्षांची मुलगी या फडताळांमधून हिंडते, आपल्या विषयावरची चाळीस-पन्नास पुस्तके एका ओळीत पाहते, आणि आतापर्यंत पाठ्यपुस्तक म्हणजेच विषय असे वाटत होते हे तिच्या ध्यानात येते. अशी जाणीव कोणत्याही प्रमाणपत्रावर छापता येत नाही.

यार्डातून नदीकडे उतरावे आणि प्रवाहाबरोबर पूर्वेकडे चालावे. एप्रिल ते नोव्हेंबर या काळात रविवारी येथील काठचा रस्ता काही अंतरापर्यंत मोटारींना बंद असतो. सायकली, लहान मुले आणि धावणारे लोक तो व्यापून टाकतात. नदीत वल्हवण्याच्या अरुंद होड्या दिसतात. अर्ध्या-पाऊण तासात एमआयटीचा मोठा घुमट समोर येतो. ही संस्था १९१६ साली बोस्टनहून नदी ओलांडून या तीरावर आली. तिच्या मुख्य इमारतींतून जाणारी सरळ मार्गिका सुमारे अडीचशे मीटर लांब आहे. विद्यार्थी तिला अनंत मार्गिका म्हणतात.

येथे उन्हाळ्यात रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट भरते. अमेरिकेच्या अणुशक्तीवर चालणाऱ्या नौदलाचे जनक अ‍ॅडमिरल हायमन रिकोव्हर आणि जोआन डिजेनारो यांनी स्थापलेल्या संस्थेने १९८४ साली हा उपक्रम सुरू केला. अमेरिकेतून आणि इतर देशांतून निवडलेले शंभरच्या आसपास विद्यार्थी सहा आठवडे राहतात. आरंभी काही दिवस व्याख्याने होतात. मग प्रत्येकाला एका संशोधकाच्या हाताखाली खऱ्या प्रश्नावर काम दिले जाते. शेवटी प्रत्येकाने शोधनिबंध लिहायचा आणि सर्वांसमोर मांडायचा. शिकवणी, निवास आणि भोजन यांसाठी विद्यार्थ्याकडून शुल्क घेतले जात नाही. एमआयटीचाच माइट्स हा सहा आठवड्यांचा उन्हाळी वर्गही विनाशुल्क आहे. तो अमेरिकी नागरिक व कायम रहिवासी मुलांसाठी आहे, म्हणून तिकडे स्थायिक झालेल्या कुटुंबांनी त्याची माहिती अवश्य ठेवावी.

येथे व्यापारी मनाला एक कोडे पडते. बाजारात उत्तम माल महाग असतो. येथे ज्यासाठी सर्वांत अधिक झुंबड उडते, ज्याचे नाव प्रवेश-समित्या आदराने घेतात, तेच विनामूल्य आहे. कारण असे की जेथे शुल्क घेतले जाते तेथे जागा भरणे हा संस्थेच्या हिशेबाचा भाग असतो. जेथे देणगीदार खर्च सोसतो तेथे निवड हीच संस्थेची प्रतिष्ठा असते. म्हणून एखाद्या उन्हाळी वर्गाचे वजन जोखायचे असेल तर पहिला प्रश्न हाच विचारावा की येथे विद्यार्थ्याची पारख होते, की केवळ पैसे स्वीकारले जातात.

एमआयटीसमोर चार्ल्सवर जो पूल आहे त्याचे नाव मात्र हार्वर्ड पूल. या पुलाच्या पदपथावर रंगाने आखलेल्या खुणा आहेत. १९५८ साली एमआयटीच्या काही विद्यार्थ्यांनी ऑलिव्हर स्मूट या आपल्या सोबत्याला पुन्हा पुन्हा पुलावर आडवे झोपवून पुलाची लांबी मोजली. ती ३६४.४ स्मूट आणि वर एक कान इतकी भरली. थट्टा म्हणून केलेल्या त्या खुणा आजही नव्याने रंगवल्या जातात. स्वतः स्मूट पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेचे अध्यक्ष झाले, आणि नंतर आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचेही. ज्या आयएसओचा शिक्का कारखानदार आपल्या मालावर अभिमानाने मिरवतात, तीच ही संघटना.

पूल ओलांडून उजवीकडे वळले की कॉमनवेल्थ अ‍ॅव्हेन्यू हा रुंद रस्ता लागतो. मधोमध ट्राम धावते आणि दोन्ही बाजूंनी बोस्टन विद्यापीठाच्या इमारती उभ्या आहेत. येथे निराळे, जुने असे आवार नाही. विद्यापीठ रस्त्यातच मिसळून गेले आहे. १९८९ साली ग्लेन स्टीव्हन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येथे प्रॉमिस हा गणिताचा उन्हाळी वर्ग सुरू केला. त्याचे मूळ आरनॉल्ड रॉस यांनी १९५७ साली आरंभलेल्या वर्गात आहे. साध्या गोष्टींचा खोल विचार करावा हा त्या परंपरेचा मंत्र. सहा आठवडे रोज सकाळी संख्या सिद्धांताचे व्याख्यान, आणि मग दिवसभर प्रश्नांची एक यादी.

हे प्रश्न कोणत्या जातीचे असतात ते एका उदाहरणाने कळेल. ५ म्हणजे १ अधिक ४, १३ म्हणजे ४ अधिक ९, १७ म्हणजे १ अधिक १६. या मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत मांडता येतात. पण ७, ११, १९ यांना ते साधत नाही. असे का? थोडी आकडेमोड केली की मूल पाहते, ज्यांना ४ने भागून बाकी १ उरते त्या मूळ संख्या जमतात, बाकी ३ उरणाऱ्या जमत नाहीत. नियम दिसला, आता तो सदैव खरा असल्याचे सिद्ध करायचे. उत्तर कोणी सांगत नाही. शाळेत नेहमी पहिला येणारा मुलगा येथे तीन दिवस एका प्रश्नापाशी अडतो, आणि त्याच्याइतकीच हुशार साठ-सत्तर मुले तशीच अडलेली पाहून त्याचा ताठा आणि भीती दोन्ही हळूहळू उतरतात. या वर्गाला शुल्क आहे, पण ऐपतीप्रमाणे सवलत मिळते आणि प्रवेश गणिताचे प्रश्न सोडवून दाखवल्यावरच होतो.

तिन्ही आवारांत वर्गाबाहेरचे शिक्षण सारखेच असते, आणि घरच्या माणसांना त्याचेच अप्रूप अधिक वाटावे. कपडे स्वतः धुणे, महिन्याचा हातखर्च स्वतः सांभाळणे, अनोळखी खोलीसोबत्याशी दिव्याच्या वेळेवरून तडजोड करणे, रात्री ठरलेल्या वेळी परतणे. ज्या घरात मुलाच्या ताटात पाणीसुद्धा दुसऱ्याने ठेवायचे त्या घरातील मूल येथे सात आठवड्यांत बरेच सरळ होते.

अन्नाचा प्रश्न प्रत्येक जैन घरात पहिल्यांदा निघतो. हार्वर्डची मुले मेमोरियल हॉलमधील अ‍ॅननबर्ग या भव्य भोजनगृहात जेवतात. अमेरिकेच्या यादवी युद्धात कामी आलेल्या विद्यार्थ्यांच्या स्मृत्यर्थ ती इमारत उभी आहे. अमेरिकी विद्यापीठांत शाकाहारी पदार्थांवर तशी पाटी असते, मात्र कांदा, लसूण आणि कंदमुळे यांची स्वतंत्र सोय गृहीत धरू नये. मुदपाकखान्याच्या प्रमुखाला पहिल्याच दिवशी भेटून विचारावे. फळे, दही, कडधान्ये, कच्च्या भाज्या मिळतात, आणि खाकऱ्यांचा डबा सोबत असावा. एक सोय मात्र निसर्गच करतो. जुलैत तेथे सूर्य आठ वाजून गेल्यावर मावळतो आणि भोजनगृह संध्याकाळी लवकर उघडते, त्यामुळे सूर्यास्तापूर्वी जेवणाचा नियम पाळणाऱ्याला अडचण येत नाही. बोस्टनच्या नैर्ऋत्येस नॉर्वूड गावी १९७३ साली स्थापन झालेल्या जैन केंद्राचे मंदिर आहे. चातुर्मासाचा आरंभ बहुधा याच काळात येत असल्याने सुट्टीच्या दिवशी कोणा नातेवाइकाबरोबर तेथे जाता येते.

आता हिशेबाच्या बाजू. सर्वांत मोठा गैरसमज असा की हार्वर्डची उन्हाळी शाळा केली म्हणजे हार्वर्डचा पदवी-प्रवेश सोपा होतो. या दोन वाटा स्वतंत्र आहेत. पहिलीमुळे दुसरीची हमी मिळत नाही. दुसरी गोष्ट, नामांकित आवारात भरणारा प्रत्येक वर्ग त्या विद्यापीठाचा असतोच असे नाही. पुष्कळदा खासगी कंपन्या उन्हाळ्यासाठी इमारती भाड्याने घेतात. गाळा नामांकित पेढीचा, माल दुसऱ्याचा. प्रमाणपत्र कोण देणार, शिकवणार कोण, श्रेयांक मिळणार की नाही, पैसे परत मिळण्याची मुदत कोणती, हे चार प्रश्न लेखी विचारावेत. तिसरी गोष्ट काळाची. महाराष्ट्रातील शाळा-महाविद्यालये जूनमध्ये सुरू होतात, तर अमेरिकी उन्हाळी वर्ग जूनअखेर ते ऑगस्टपर्यंत चालतात. बारावीच्या वर्षाचे पहिले दोन महिने गमावणे प्रत्येकाला परवडणारे नाही. पूर्णवेळ श्रेयांकांचा अभ्यास असेल तर विद्यार्थी व्हिसाही लागतो, आणि त्याची तयारी हिवाळ्यातच सुरू करावी लागते.

ज्याला समुद्र ओलांडायचा नाही त्याच्यासाठी दारे जवळही आहेत. मुंबईत मानखुर्द येथे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. नोव्हेंबरच्या सुमारास होणाऱ्या राष्ट्रीय परीक्षेपासून सुरू होणाऱ्या निवडीच्या पायऱ्या चढून आलेली मुले उन्हाळ्यात तेथील ऑलिंपियाड शिबिरांत राहतात, प्रयोग करतात, आणि त्यांच्यातूनच भारताचे संघ निवडले जातात. निवास-भोजनाचा भार विद्यार्थ्यावर पडत नाही. बोस्टनच्या प्रॉमिसचे भारतीय रूपही अलीकडे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारात भरू लागले आहे. लोकलच्या तिकिटात मानखुर्दला पोहोचणाऱ्या मुलाला जे मिळते ते आठ लाखांच्या तुलनेत हलके समजण्याचे काही कारण नाही.

आठ लाख रुपये हे कित्येक दुकानांचे एका हंगामाचे खेळते भांडवल असते. ते मुलाच्या शिक्षणात घालण्यास व्यापारी घर कधी कचरत नाही, आणि कचरूही नये. परंतु जे मूल मोठ्या नावाचा शिक्का आणण्यासाठी पाठवले जाते, त्याच्या पाठीवर त्या रकमेचे ओझेही बसते. श्रेणी कमी आली, पुढे प्रवेश नाकारला गेला, तर घरचे पैसे बुडाले असे ते मनाशी धरून बसते, आणि सतराव्या वर्षी असे कर्ज डोक्यावर असू नये. अर्ज भरण्यापूर्वी वडिलांनी मुलाला अगर मुलीला शेजारी बसवून एवढेच विचारावे, की तिथे जाऊन तुला काय शिकायचे आहे. उत्तरात विषयाचे नाव आले तर जवळचे वा लांबचे कोणतेही आवार त्याला काही ना काही देईल. उत्तरात केवळ विद्यापीठाचे नाव आले, तर फॉर्म एक वर्ष बाजूला ठेवावा आणि तो उन्हाळा मुलाने गावच्या ग्रंथालयात व दुकानाच्या गादीवर काढावा. पुढच्या वर्षी हाच प्रश्न पुन्हा विचारावा. पुष्कळदा तोवर उत्तर बदललेले असते.